सारख्या मोटारी, निराळी मुले

बैलगाडीच्या शर्यतीत गाडी पहिली आली, की गुलाल पडतो तो बैलांच्या अंगावर. हाकणारा कासरा हातात धरून बाजूला उभा असतो. त्याचे नाव दुसऱ्या दिवशी कुणाच्या ध्यानात राहील याची शाश्वती नाही. बैलजोडीचे नाव मात्र पंचक्रोशीत होते. मोटारींच्या शर्यतींत नाव चालकाचे होते खरे, पण तेथेही जाणकारांच्या मनात एक शंका कायम घर करून असते. १९८८ साली फॉर्म्युला वन या सर्वोच्च स्पर्धेतील १६ शर्यतींपैकी १५ शर्यती मॅक्लारेन या एकाच संघाच्या मोटारींनी जिंकल्या. २०२३ साली २२ पैकी २१ शर्यती रेड बुल संघाच्या मोटारींनी जिंकल्या. चालक गुणी होते यात वाद नाही. परंतु त्यांच्या हाती दुसरी मोटार दिली असती तर काय झाले असते, हे कोणत्या पंचाला सांगता येईल?

या दुखण्यावर शर्यतवाल्यांनीच एक उतारा शोधून काढला आहे. सर्वांना एकाच कारखान्याची, एकाच घडणीची मोटार द्यायची आणि मग म्हणायचे, आता दाखवा आपापली करामत! इंग्रजीत याला 'वन-मेक' शर्यत म्हणतात. आपण एकघडणीची शर्यत म्हणू. फ्रान्समध्ये १९६६ साली रेनो कारखान्याच्या छोट्या गॉर्डिनी मोटारींची अशी स्पर्धा सुरू झाली आणि पुढे हा प्रघात देशोदेशी पसरला.

या उताऱ्याचा गुण किती, याची एक गोष्ट शर्यतीच्या जगात अजूनही चवीने सांगितली जाते. जर्मनीतील न्युर्बर्गरिंगच्या नव्या मार्गाचे उद्घाटन १९८४ च्या मे महिन्यात झाले. त्या सोहळ्यासाठी मर्सिडीज कारखान्याने आपल्या १९० या चार दारांच्या घरगुती वळणाच्या मोटारी एकसारख्या सजवून उभ्या केल्या आणि त्या चालवण्यासाठी जगातले नामांकित चालक बोलावले. ब्रॅबम, मॉस, सर्टीस यांच्यासारखे ज्येष्ठ होते. लाउडा आणि प्रॉस्त यांच्यासारखे त्या घडीचे मातब्बर होते. ब्राझीलचा माजी जगज्जेता फिटिपाल्डी येऊ शकला नाही, म्हणून त्याच्या जागी त्याच देशाचा २४ वर्षांचा एक तरुण बोलावला गेला. फॉर्म्युला वनमधले त्याचे ते पहिलेच वर्ष, आणि त्याला मिळालेली मोटारही मधल्या फळीतली. सारख्या मोटारींची ती शर्यत त्या तरुणाने जिंकली. लाउडा दुसरा आला. त्या तरुणाचे नाव आयर्टन सेना. सोहळ्याची शर्यत म्हणून काहींनी ती हसण्यावारी नेली असेल, पण ज्यांना पाहता येते त्यांनी त्या दिवशी पाहायचे ते पाहून घेतले.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. हीच कसोटी चौदा वर्षांच्या मुलांना लावली तर? इंग्लंडमध्ये हा प्रयोग २००५ पासून चालू आहे. त्याचे नाव जिनेटा ज्युनियर. जिनेटा हा वॉकलेट आडनावाच्या चार भावांनी १९५८ साली काढलेला छोट्या क्रीडामोटारींचा कारखाना. मोठ्या कारखान्यांच्या मानाने तो घरगुतीच म्हणायचा. २००५ साली लॉरेन्स टॉम्लिन्सन या उद्योगपतीने तो विकत घेतला आणि यॉर्कशरमधील लीड्सच्या परिसरात त्याचा संसार नव्याने मांडला. पुढे या स्पर्धेसाठी जी-४० नावाची मोटार आली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यातच जोडलेला संरक्षक पिंजरा, वरून फायबरचे हलके कवच, पुढे १.८ लिटरचे फोर्डचे इंजिन, आणि जोर मागच्या चाकांना. अश्वशक्ती सुमारे १००. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या एखाद्या चांगल्या कुटुंबवत्सल मोटारीइतकीच. वय १४ ते १७. त्या देशात रस्त्यावर मोटार चालवण्याचा परवाना सतराव्या वर्षापूर्वी मिळत नाही. त्यामुळे शर्यतीच्या मार्गावर दहा जणांना मागे टाकून आलेला मुलगा संध्याकाळी घरी जातो तो वडिलांच्या शेजारच्या आसनावर बसून.

मोटारीला ताकद थोडी का, असे कुणी विचारील. यातच या शिक्षणाचे मर्म आहे. जोरकस इंजिनाची मोटार चालकाच्या चुका पोटात घालते. वळणावर वेग गमावला तरी पुढच्या सरळ पट्ट्यावर पाय दाबला की तो भरून निघतो. शंभर अश्वशक्तीच्या मोटारीत हे जमत नाही. वळणावर थोडा वेग हातचा गेला, तर त्याची भरपाई करता करता पुढचे वळण येते आणि तोवर तिघे पुढे निघून गेलेले असतात. त्यामुळे ब्रेक केव्हा दाबायचा याइतकेच तो केव्हा सोडायचा, हे मुलाला शिकावे लागते. दुसरे शिकावे लागते ते वाऱ्याचे गणित. पुढच्या मोटारीच्या अगदी मागे राहिले की तिच्या आडोशाने वारा कमी लागतो आणि आपली मोटार थोडी अधिक पळते. सगळ्यांच्या मोटारी सारख्या असल्यामुळे कुणीच एकटा पळून जाऊ शकत नाही. पाच-सहा मोटारींची माळ एकमेकींना चिकटून फिरत राहते आणि शेवटच्या फेरीतल्या नेमक्या कोणत्या वळणावर बाहेर पडायचे, याचा विचार प्रत्येक मुलगा पहिल्या फेरीपासून करीत असतो. बुद्धिबळ खेळणाऱ्या घरांना हे निराळे समजावून सांगायला नको.

सारखेपणा राखणे हेही सोपे काम नव्हे. वजनकाट्याला सरकारी शिक्का असावा तसे अशा शर्यतींत इंजिनाला सील असते; ते तोडून आत हात घालण्याची मुभा संघाला नसते. टायर ठरलेले. शर्यत संपली की मोटारी तपासणीला जातात, मोजमापे घेतली जातात, आणि नियमाबाहेर काही आढळले तर निकाल फिरतो. घामाघूम होऊन हातात चषक घेतलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला तासाभराने तो परत द्यावा लागणे, हा प्रसंग त्या मुलाइतकाच त्याच्या आईलाही सोसावा लागतो.

एक हंगाम नमुन्यादाखल घेऊ. २०१४ चा. ३० मार्चला केंट परगण्यातील ब्रँड्स हॅच येथे सुरू झाला आणि १२ ऑक्टोबरला तेथेच संपला. मधल्या साडेसहा महिन्यांत नऊ ठिकाणी मिळून दहा मेळावे, आणि एकेका मेळाव्यात दोन याप्रमाणे वीस शर्यती. या सगळ्या शर्यती ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद या मोठ्यांच्या स्पर्धेच्या जोडीने, त्याच दिवशी, त्याच प्रेक्षकांसमोर झाल्या. दूरचित्रवाणीवर घरोघर दिसल्या. मुलांच्या चुकाही अर्थात घरोघर दिसल्या.

हे नऊ मुक्काम म्हणजे नऊ निरनिराळे गुरू. ब्रँड्स हॅचचा आखूड मार्ग अवघा दोन किलोमीटरच्या आतबाहेर. परंतु त्याचे पहिलेच वळण एकदम उतारावर पडते आणि मोटार हलकी होते. थ्रक्स्टन हा इंग्लंडातला सर्वांत वेगवान मार्ग. तेथे धैर्य लागते आणि टायर जपण्याची अक्कलही. स्कॉटलंडमधील नॉकहिल चढउतारांचे. रॉकिंगहॅम हे २००१ साली बांधलेले, उंच कडेच्या गोल मार्गाचे ठिकाण. तेथील शर्यती २०१८ नंतर बंद पडल्या. थ्रक्स्टन, स्नेटर्टन, क्रॉफ्ट, सिल्व्हरस्टोन ही सारी दुसऱ्या महायुद्धातील विमानतळांची ठिकाणे. जेथून लढाऊ विमाने उडाली, तेथे युद्धानंतर मोटारी धावू लागल्या. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती होत होत्या, हे जुन्या शौकिनांना आठवत असेल.

या वेळापत्रकात मे-जूनचे दिवस विशेष कठीण. त्या देशातील सोळा वर्षांच्या मुलांच्या शालान्त परीक्षा तेव्हाच असतात. आपली दहावीच म्हणा. शुक्रवारी गणिताचा पेपर आणि रविवारी शर्यत, असा योग कित्येक घरांत येत असणार. त्या घरांतील वातावरणाचे वर्णन मी करण्याची गरज नाही. मार्च महिन्यातील आपली घरे डोळ्यांसमोर आणावीत म्हणजे झाले.

आता २०१४ चा निकाल. अजिंक्यपद जॅक मिचेल याला मिळाले. तिसरा आला तो मोटारशर्यतीत त्याच वर्षी प्रथम उतरलेला, चौदा वर्षांचा, ठेंगणासा एक मुलगा. त्याने चार शर्यती जिंकल्या आणि नवोदितांचा चषकही मिळवला. त्याचे नाव लँडो नॉरिस. २०१९ साली तो फॉर्म्युला वनमध्ये आला आणि २०२५ च्या डिसेंबरात अबुधाबीच्या अखेरच्या शर्यतीत तिसरा येऊन, अवघ्या दोन गुणांच्या आघाडीने जगज्जेता झाला. २०१४ चा विजेता जॅक मिचेल हाही वाया गेला नाही. २०१८ साली त्याने ब्रिटिश जीटी स्पर्धेच्या जीटी-४ वर्गाचे अजिंक्यपद मिळवले. क्रीडामोटारींच्या जगात त्याला मान आहे. पण त्या जगाबाहेर त्याचे नाव कुणाला ठाऊक आहे? सारख्या मोटारीत ज्याने याला वर्षभर मागे ठेवले, तो एका वाटेने गेला आणि मागे राहिलेला दुसऱ्या वाटेने शिखरावर पोहोचला.

येथे पैशाचा प्रश्न येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. एकघडणीच्या शर्यतीचा सगळा डौल असा, की येथे बापाची थैली चालत नाही, मुलाचे हात चालतात. हे अर्धेच खरे आहे. मोटार सारखी असते, पण मोटारीभोवतीचे जग सारखे नसते. एका मुलाला शर्यतीपूर्वी त्याच मार्गावर चार दिवस सराव मिळतो, दुसऱ्याला अर्धा दिवस. एकाच्या शेजारी अनुभवी शिक्षक बसतो. मोटारीतल्या यंत्राने टिपलेले आलेख पुढ्यात ठेवून, 'तू या वळणावर ब्रेक सात हात आधी दाबतोस', असे सांगतो. दुसऱ्याचा गुरू म्हणजे पाना हातात घेतलेला काका. मोटार ठोकली तर एकाच्या संघाकडे कवचाचा दुसरा संच तयार असतो. दुसऱ्याच्या वडिलांना तो खर्च पुढच्या मुक्कामाच्या प्रवासखर्चातून काढावा लागतो. सारखेपणा कुंपणाच्या आतला आहे. कुंपणाबाहेरच्या विषमतेवर नियमावलीचा अंमल चालत नाही. स्पर्धा चालवणाऱ्यांनाही याची जाणीव आहे. म्हणून दरवर्षी निवडचाचणी घेऊन एखाद्या होतकरू मुलाला शिष्यवृत्ती दिली जाते. त्या चाचणीत नुसता वेग पाहत नाहीत. शरीराची तयारी आणि चार लोकांत बोलण्याची रीतही पाहतात. पुरस्कर्ते मिळवायचे तर पोराला बोलता यायला हवे, हा त्यामागचा रोकडा विचार.

नॉरिसचे वडील निवृत्तिवेतनाच्या व्यवसायात मोठे धनवान झालेले गृहस्थ. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तेव्हा त्याचे यश पैशाचे, असे म्हणून मोकळे होता येईल. माझ्या मते तो न्याय होणार नाही. पैशाने त्याला रांगेत उभे राहता आले. पण त्या रांगेत पैसेवाल्यांची मुले पुष्कळ होती आणि चार शर्यती प्रत्येकाने जिंकल्या नाहीत. मात्र उलट बाजूही तितकीच खरी: ज्याला रांगेतच उभे राहता आले नाही, त्याचे हात कसे होते हे कोणत्याही शर्यतीने कधीच सांगितलेले नाही. सारख्या मोटारींची शर्यत आलेल्यांतला उत्तम कोण ते प्रामाणिकपणे सांगते. न आलेल्यांविषयी ती मुकी आहे.

आणि धोका? आईबापांच्या मनात हाच प्रश्न सर्वांत आधी येतो. पिंजरा आहे, शिरस्त्राण आहे, अग्निरोधक वस्त्रे आहेत, आणि शंभर अश्वशक्तीच्या मोटारीचा वेगही बेताचा. तरीही ही शर्यत आहे. जिनेटा ज्युनियरमध्येच घडलेला बिली मंगर हा मुलगा पुढे फॉर्म्युला फोरच्या उघड्या चाकांच्या मोटारीत गेला. १६ एप्रिल २०१७ रोजी डॉनिंग्टन पार्क येथे त्याची मोटार एका जवळजवळ थांबलेल्या मोटारीवर मागून आदळली. पुढची मोटार त्याला दिसलीच नव्हती. त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. तेव्हा त्याचे वय १७. वर्ष उलटण्याच्या आत, हाताने चालवता येतील अशी साधने बसवलेली मोटार घेऊन तो २०१८ च्या मार्चअखेरीस औल्टन पार्क येथे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतीत उतरला आणि पहिल्याच शर्यतीत तिसरा आला. त्याचे कौतुक जगभर झाले आणि ते योग्यच होते. मला मात्र त्याच्या आईवडिलांचा विचार अधिक वेळा येतो. पुन्हा मोटारीत बसतो, असे मुलाने सांगितले तेव्हा त्यांनी 'नको' म्हटले असते, तर जगाने त्यांना दोष दिला असता काय?

ज्या घरांत मुली आहेत त्यांनी जेमी चॅडविकचे नाव ध्यानात ठेवावे. २०१३ आणि २०१४ असे दोन हंगाम ती जिनेटा ज्युनियरमध्ये मुलांच्या बरोबरीने शर्यत करीत होती. तेथे मुलींसाठी वेगळी रांग नाही, सवलत नाही, मोटारीला तर चालक मुलगा की मुलगी हे ठाऊकही नाही. २०१५ साली, सतराव्या वर्षी, ती ब्रिटिश जीटी स्पर्धेच्या जीटी-४ वर्गाची रॉस गन याच्या जोडीने विजेती ठरली. हा मान मिळवणारी पहिली स्त्री. पुढचा दुवा आपल्या देशाशी आहे. २०१८-१९ च्या एमआरएफ चॅलेंज या, तीही एकाच घडणीच्या मोटारींची, स्पर्धेची अखेर चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या मार्गावर फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली आणि ती स्पर्धा जिंकणारी पहिली स्त्री म्हणून चॅडविकचे नाव तेथे लागले. त्यानंतर केवळ स्त्रियांसाठी निघालेल्या डब्ल्यू सीरीज या स्पर्धेचे अजिंक्यपद तिने २०१९, २०२१ आणि २०२२ असे तीनदा मिळवले. ती स्पर्धा पुढे पैशाअभावी बंद पडली. एवढे करूनही फॉर्म्युला वनचे दार तिला उघडले नाही. जिनेटाच्या कुंपणात मिळालेला सारखेपणा वरच्या पायऱ्यांवर हळूहळू विरत जातो, तो असा.

२०१८ च्या ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीच्या मोटारीही सगळ्या एकाच घडणीच्या होत्या. त्या रांगेत कृत्रिम पायांचा मंगर होता, चॅडविक होती. ऑगस्टमध्ये ब्रँड्स हॅच येथे या स्पर्धेतील शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली. आणि त्याच रांगेत कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक हाही होता. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा मार्ग आहे, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या कार्टिंग शर्यती तेथे झालेल्या आहेत. बेळगावहून हे गाव महामार्गाने सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतण्याइतके जवळ. कार्ट म्हणजे चार चाकांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी गाडी. नॉरिसही, सेनाही, प्रथम तिच्यातच बसले होते. मुलाने हट्ट धरलाच तर एकदा तेथवर जाऊन यावे. तो किती वेगाने जातो हे घड्याळ सांगेल. आपण मात्र एखादी चूक झाल्यावर पुढच्या फेरीत तो त्याच वळणावर काय करतो तेवढे पाहावे, आणि निघण्यापूर्वी कचेरीत टायरचा भाव विचारून घ्यावा.